गच्चीवरचं बेरिलियम आणि वहिनींच्या गुलाबी कुरडया

निवृत्तीनंतर घरात कुठलं खातं मिळतं, यावरून माणसाची खरी पत कळते. मला कबुतर खातं मिळालं. एकतीस वर्षं ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेला मी, एप्रिलातल्या त्या सकाळी गच्चीवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत, डोक्याला ओला पंचा गुंडाळून, हातात पडद्याचा दांडा घेऊन बसलो होतो आणि कुरडयांवर उतरू बघणाऱ्या कबुतरांना "हुश्श" म्हणत होतो.

नेमणूक करताना बायकोनं तीन अटी घातल्या होत्या. "खुर्चीवरून उठायचं नाही. मोबाईलमध्ये डोकं घालायचं नाही. आणि काहीही दुरुस्त करायला घ्यायचं नाही."

पहिल्या दोन अटी मी तासाभरात मोडल्या, हे मान्य. पण तिसरी मोडली नाही. मी काहीही दुरुस्त करायला घेतलं नव्हतं. मी फोडायला घेतलं होतं.

गच्चीवर त्या दिवशी प्लॅस्टिकचे दोन कागद पसरले होते. दाराजवळच्या कागदावर वहिनींच्या कुरडया. वहिनी म्हणजे समोरच्या, अगदी समोरच्या नव्हे, तिरप्या कोपऱ्यावरच्या घरातल्या. गंगापूर रोडला आमची कॉलनी झाली तेव्हा आजूबाजूला त्यांचीच शेती होती. आता शेत शहराबाहेर सरकलंय, पण झेंडू, गुलाब आणि वालाच्या शेंगा अजून रोज पहाटे त्यांच्या टेम्पोतून बाजारात जातात. त्यांच्या गच्चीवर फुलांच्या क्रेटची शेड आहे, म्हणून वाळवण आमच्या गच्चीवर. या खेपेचं वाळवण साधं नव्हतं. रविवारी त्यांच्या मुलीचं लग्न होतं, आणि या रुखवतातल्या कुरडया होत्या. गुलाबी आणि हिरव्या. प्रत्येक कुरडई एका मापाची, एका वेढ्याची, मधोमध एक बारीक फूल. सोऱ्याला हळदकुंकू लावून पहिली कुरडई नवरीच्या हातून घातली होती. हे सगळं आदल्या दिवशी झालं होतं, त्यामुळे शुक्रवारी त्या चांगल्या खडखडीत वाळत आल्या होत्या.

दुसऱ्या टोकाला, पन्हाळीजवळ, आमच्या कुरडया. त्याच दिवशी सकाळी घातलेल्या, पांढऱ्या, ओल्या, लुसलुशीत. काल त्यांच्या घालायला माझी बायको, आज आमच्या घालायला वहिनी आणि नवरी, असा तो हिशेब.

वारा मंद. कबुतरं शहाणी. करायला काम नाही. आणि जिन्याच्या कोपऱ्यात एका पिशवीत मॅग्नेट्रॉन.

मॅग्नेट्रॉन म्हणजे मायक्रोवेव्ह ओव्हनचं काळीज. आमच्या ओव्हनचं ते मागच्या महिन्यात बंद पडलं. मेकॅनिकनं नवीन बसवून जुनं माझ्या हातात दिलं, "ठेवा सर, शोभेला." त्यात दोन गोल चुंबकं असतात, मेदूवड्याच्या आकाराची, इतकी जोरकस की एकमेकांना चिकटली तर सोडवायला घरातलं माणूस बोलवावं लागतं. बायकोच्या शिवणकामातल्या सुया गालिच्यात हरवतात, त्या शोधायला असं एक चुंबक किती उपयोगी पडेल, असा घरोपयोगी विचार करून मी हातोडी आणली. म्हणजे बघा, हेतू निर्मळ होता. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या गाढवपणांचे हेतू निर्मळ आहेत.

चुंबकं सुटेनात. मी चार घाव घातले. पाचवा घाव चुकला आणि वरच्या टोकाला जी फिकट गुलाबी चिनीमातीसारखी कडी असते, तिच्यावर बसला. कडी फुटली. एक तुकडा उडून कुंडीत पडला, आणि जिथे घाव बसला तिथून पांढऱ्या पुडीचा एक बारीकसा ढग उठला. छान दिसत होता. उन्हात चमकत, डुलत डुलत तो वहिनींच्या कागदाकडे निघाला. मी त्याच्याकडे कौतुकानं बघत होतो.

मग चुंबक सोडवायची खरी युक्ती शोधायला मी मोबाईल काढला. एका परदेशी माणसाचा व्हिडिओ सापडला. त्यानं ती चुंबकं दोन मिनिटांत सोडवली, त्यामुळे मला त्याचा राग आला. म्हणून व्हिडिओ सोडून मी खालच्या कॉमेंटी वाचायला लागलो. एकानं कवटीचं चित्र टाकून लिहिलं होतं: गुलाबी कडी फोडू नका! बेरिलियम ऑक्साइड! पूड श्वासात गेली तर फुप्फुसं कायमची कामातून जातात!

त्याच्याखाली दुसऱ्या कोणीतरी काहीतरी लिहिलं होतं. पण घाबरलेला माणूस दुसरी कॉमेंट वाचत नाही.

बेरिलियमशी माझी ओळख जुनी. एकतीस वर्षं, दरवर्षी वीस मिनिटं. आवर्तसारणीच्या दुसऱ्या गटातलं हे थोरलं भावंड. बाकीची भावंडं, मॅग्नेशियम, कॅल्शियम वगैरे, कशी घरंदाज: ऑक्साइड केलं की अल्कधर्मी, क्लोराइड केलं की सरळ मीठ. बेरिलियमचं सगळंच वेगळं. याचं ऑक्साइड आम्लातही विरघळतं आणि अल्कलीतही, दोन्ही पक्षांत ऊठबस. याचं क्लोराइड मिठासारखं वागायचं सोडून इलेक्ट्रॉन वाटून घेत बसतं. हे स्वतःच्या घराण्यावर गेलेलंच नाही. शेजारच्या गटात, एक पायरी खाली, तिरप्या कोपऱ्यावर राहणाऱ्या ॲल्युमिनियमवर गेलंय. पुस्तकात त्याला डायगोनल रिलेशनशिप म्हणतात. मी वर्गात सांगायचो, "हे तिरपं नातं. आमच्या घराचं आणि समोरच्या वहिनींचं आहे तसं. रक्त वेगळं, पण आमटीची चव एक." पोरं हसायची. मग मी शेवटच्या दोन मिनिटांत उरकायचो: ऑक्साइड उष्णता धातूसारखी वाहतं पण वीज अजिबात नाही, म्हणून मोठ्या इलेक्ट्रॉनिक नळ्यांत वापरतात, अखंड तुकडा निरुपद्रवी, पूड घातक. "एक मार्काला येतं. लिहून घ्या."

तो एक मार्क आता माझ्या गच्चीवरून उडत उडत नवरीच्या रुखवतावर जाऊन बसला होता.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पण मी शिक्षक. मी स्वतःला बजावलं: नियम आठव. पूड झाडायची नाही, उडते. ओली करायची. पहिलं काम, स्वतःचं संरक्षण. मी खाली जाऊन माळ्यावरून कोरोनातले उरलेले दोन मास्क काढले आणि एकावर एक चढवले. गॉगल मिळाला नाही, पोहण्याचा चष्मा मिळाला. रेनकोट घातला. एप्रिलमध्ये, नाशकात, सकाळी अकरा वाजता. स्वयंपाकघरातून बायकोनं विचारलं, "कुठे निघालात?" मी मास्कातून म्हटलं, "वरच." तिनं पुढे काही विचारलं नाही. लग्नाला तेहतीस वर्षं झाली की माणसं पुढचं विचारत नाहीत.

वर येऊन मी झाडांना पाणी घालायची नळी सोडली. पूड पडलेली फरशी ओली करायची, मग फडक्यानं टिपून घ्यायची. शास्त्रशुद्ध. फक्त एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. गच्चीला उतार असतो. उतार पन्हाळीकडे असतो. आणि पन्हाळीजवळ आमच्या कुरडया होत्या.

पाणी शिस्तीत कागदाखाली शिरलं, कागद उचलला गेला, आणि आमच्या घरच्या साठ-सत्तर ओल्या कुरडया एकापाठोपाठ एक, गणपती विसर्जनाला निघाव्यात तशा, पन्हाळीकडे निघाल्या. काही वाटेतच विरघळल्या. पुढच्या दोघी पन्हाळीच्या तोंडात जाऊन अडकल्या आणि मागच्या त्यांच्यावर चढल्या. मी नळी टाकली आणि पन्हाळीत हात घातला, तेव्हा नळी फणा काढून उभी राहिली आणि तिनं मला रेनकोटाच्या आत भिजवलं.

नेमकी अशा वेळी नवरी वर आली. हातांवर आदल्या रात्रीची मेंदी, एका हातात वाटी.

"काका, चीक आणलाय तुमच्यासाठी," ती म्हणाली, आणि थांबली. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. रेनकोट, दोन मास्क, पोहण्याचा चष्मा, हातात पांढरा लगदा. पोरगी गुणी. एवढंच म्हणाली, "पोहताय का?"

"इकडे येऊ नकोस!" मी ओरडलो. "तो चीक कुठे होता?"

"कुठे म्हणजे? इथेच तर झाकून ठेवला होता सकाळी, आईनं, जिन्यापाशी. मी खाल्ला की थोडा." तिनं बोट चाटलं. "मस्त गोड लागतोय."

गोड.

वाचकहो, इथे थोडं थांबून सांगायला हवं. बेरिलियमचे क्षार चवीला गोड लागतात. ज्या जुन्या रसायनज्ञांनी ते प्रथम वेगळे केले, त्यांनी ते चाखले. त्या काळी नवीन पदार्थ हाती आला की आधी जिभेवर ठेवायचे, हौस दांडगी. गोड लागले म्हणून या मूलद्रव्याला सुरुवातीला नावसुद्धा गोडव्यावरूनच मिळालं होतं. पुढे नाव बदललं, आणि ते विषारी असल्याचं कळलं तेव्हा चाखणंही बंद झालं. ही गोष्ट मी वर्गात रंगवून सांगायचो आणि शेवटी म्हणायचो, "तेव्हा मुलांनो, प्रयोगशाळेत गोड लागलं की समजा, संपलं."

मी नवरीकडे बघितलं. लग्न परवा.

भट्टीत भाजून दगड झालेलं ऑक्साइड पाण्यात विरघळत नाही, थुंकीत तर नाहीच; न विरघळणाऱ्या वस्तूला चव नसते. हे मला माहीत होतं. पण त्या क्षणी माझ्यातला शिक्षक रजेवर गेला होता. मी किंचाळलो, "थुंक! थुंक ते आधी!"

वाटी खाली पडली. पोरगी "आई!" म्हणत जिन्यावरून अशी पळाली, की हळदीचा मांडव घालणारे खालून वर बघायला लागले.

पाच मिनिटांत वहिनी आणि माझी बायको गच्चीच्या दारात उभ्या. मी चष्मा कपाळावर चढवला, मास्क खाली ओढले आणि सगळं सांगितलं. लपवायचा विचार मनात आला नाही असं नाही. साधारण दीड सेकंद आला. मग मला रुखवतापुढे उभे असलेले वऱ्हाडी दिसले, त्यातला एखादा हौशी गडी कुरडईचा तुकडा मोडून तोंडात टाकताना दिसला, आणि मी बोलून टाकलं. मॅग्नेट्रॉन, गुलाबी कडी, पूड, वारा, फुप्फुसं, गोड.

वहिनींनी ऐकून घेतलं. मग कंबरेवर हात ठेवले.

"म्हंजी भाऊजी, माझ्या लेकीच्या रुखवतावर तुमी इख उडवलं."

"नक्की नाही वहिनी. असण्याची शक्यता आहे."

"आन चीक गोड लागतोय म्हनून ती मरनार हाय का?"

"गोड का लागतोय तेच तर—"

"साखर घातली म्या त्यात! सकाळी! दोन चमचे! चिकात साखर नाय घालत व्हय तुमच्याकडं?"

"घालतो," माझी बायको म्हणाली. "तेहतीस वर्षं घालतेय मी. हे तेहतीस वर्षं खाताहेत."

एक ओझं उतरलं, पण कुरडया तशाच होत्या. नवरी जिन्यातून डोकं काढून बघत होती. वहिनींनी गुलाबी कुरडयांकडे बघितलं आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला.

"गहू भिजवायला तीन दिस लागतात. उद्या हळद. परवा लगीन. आता परत नाय होनार, भाऊजी. आन दुकानातून आनलेल्या कुरडया रुखवतात मांडल्या तर तिची सासू मला जलमभर ऐकवंल, तिला त्याच्या दुप्पट. लेकीनं पैली कुरडई सोताच्या हातानं घातलीय." त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. "तुमी शिकलेले. तुमी सांगा. सूर्य मावळायच्या आत सांगा. चांगल्या असतील तर डब्यात भरते. नसतील तर गटारीत घालते. पन नक्की सांगा. 'शक्यता' नाय पायजेल."

आयुष्यात कुठल्याही विद्यार्थ्यानं मला इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता.

आता प्रश्न असा: गुलाबी कडी बेरिलियम ऑक्साइडची की ॲल्युमिनियम ऑक्साइडची, म्हणजे साध्या ॲल्युमिनाची? हे दोघे तिरपे नातेवाईक इतके सारखे, की पाचूच्या दगडात बेरिलियम दडलंय हे रसायनज्ञांना कितीतरी काळ कळलंच नव्हतं. त्यांना तो सगळाच ऐवज ॲल्युमिना वाटायचा. दोन्ही पांढरे, दोन्ही कठीण, दोन्ही आम्लातही जातात आणि अल्कलीतही. आणि एकदा भट्टीत भाजले की दोघेही कशातच जायला तयार नाहीत. माझ्याकडे होतं काय? पापडखार, व्हिनेगर आणि लाज.

पन्हाळीतून शेवटची कुरडई उपसताना मला सुचलं. वजन! बेरिलियम हलकं. त्याच्या ऑक्साइडची घनता पाण्याच्या तिप्पट, जेमतेम. ॲल्युमिनाची जवळजवळ चौपट. भांड्यासारखा घडवलेला, थोडी भेसळ असलेला ॲल्युमिना असला तरी साडेतीनच्या पुढे. म्हणजे तुकडा जोखायचा, पाण्यात बुडवायचा, भागाकार करायचा. आठवीचा प्रयोग!

मी कुंडीतला तुकडा चिमट्यानं उचलला, नळाखाली धुतला आणि स्वयंपाकघरात आलो. बायकोचा पीठ मोजायचा वजनकाटा: पंधरा ग्रॅम. पाणी मोजायला खोकल्याच्या औषधाचं झाकण. तुकडा सोडला, पाणी पाच मिलिलिटरनं वर चढलं.

पंधरा भागिले पाच.

"किती?" बायको म्हणाली.

मी पुन्हा केलं. पुन्हा पंधरा. पुन्हा पाच.

"अहो, किती?"

"तीन."

"तीन म्हणजे चांगलं का वाईट?"

मी स्टुलावर बसलो. ती समजली. तिनं गॅस बंद केला, ओढणी घेतली आणि म्हणाली, "खोकल्याच्या झाकणावर पोरीचं रुखवत टाकायचं नाही. नीट काटा कुणाकडे असतो?"

नीट काटा सराफाकडे असतो. सोन्यात खोट आहे का, ते बघायला त्यांच्याकडे पाण्यात वजन करायचं यंत्र असतं. हवेतलं वजन, पाण्यातलं वजन आणि पडद्यावर आपोआप घनता. आणि सराफ बाजारात माझा एक विद्यार्थी होता. बारावीच्या रसायनशास्त्रात दोनदा गटांगळी खाल्लेला, म्हणून तर सराफ झालेला.

तुकडा लोणच्याच्या बरणीत, पाण्यात बुडवून, बरणी बायकोच्या मांडीवर, स्कूटर मी चालवतोय, रेनकोट काढायचा राहिलेला. रविवार कारंज्यापाशी सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं आभाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "बाबा, हवामान खात्यात व्हता का?"

दुकानात पाचसहा बायका दागिने बघत बसल्या होत्या. माझा विद्यार्थी गल्ल्यावरून उठला. "या सर! बसा! हे काय, पाऊस लागला वाटतं?"

मी बरणी काचेवर ठेवली. "घनता काढायची आहे."

त्यानं बरणीत वाकून बघितलं. "सर, हे सोनं नाही."

"मला माहीत आहे."

"नाही, म्हणजे तुम्ही रिटायर झालात म्हणून विचारतो. कुणी फसवलं का?"

बायकोनं थोडक्यात सांगितलं. ती सांगते ते नेहमी थोडक्यात असतं आणि त्यात माझं काही उरत नाही. "यांनी समोरच्यांच्या रुखवतावर विषारी पूड उडवलीय, का नाही ते बघायचंय." दागिने बघणाऱ्या बायका खुर्च्या आमच्याकडे वळवून बसल्या.

त्यानं तुकडा हवेत जोखला, मग बारीक जाळीच्या पाळण्यात ठेवून पाण्यात सोडला. पडद्यावर आकडे पळाले आणि थांबले. तीन पॉइंट चार.

हा काय आकडा? तीन नाही, पावणेचार नाही. न घर का न घाट का! मी डोकं धरलं. "मिश्रण असेल. थोडं हे, थोडं ते." मागून एक बाई म्हणाली, "म्हणजे थोडं विष."

माझा नापास विद्यार्थी मात्र पाण्यात डोळे बारीक करून बघत होता. "सर," तो हळूच म्हणाला, "एक आठवतंय का? प्रॅक्टिकलला तुम्ही माझं जर्नल फेकून दिलं होतं."

"तू चुकला असशील."

"चुकलो होतो. तुम्ही सगळ्या बॅचसमोर ओरडला होतात: 'अरे गाढवा, वस्तूला चिकटलेला बुडबुडा आधी झटकायचा! बुडबुडा म्हणजे फुकटचं आकारमान!'" त्यानं बारीक काडी पाण्यात घातली आणि तुकड्याच्या खालच्या खोबणीत टोचली. एक गलेलठ्ठ बुडबुडा टुणकन वर आला आणि फुटला.

आकडे पुन्हा पळाले. तीन पॉइंट सहा सहा.

"ॲल्युमिना!" मी इतक्या जोरात ओरडलो की समोरच्या दुकानातला माणूस बाहेर आला. "ॲल्युमिना! बेरिलियम ऑक्साइड कितीही शुद्ध असलं तरी इतकं जड नसतं! होऊच शकत नाही!" मी विद्यार्थ्याला मिठी मारली. रेनकोटातलं पाणी त्याच्या शर्टावर गेलं. दागिने बघणाऱ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, एकीनं विचारलं, "ॲल्युमिना चांगला असतो ना?" दुसरी म्हणाली, "असणार, बघा ना कसे नाचताहेत."

खरं तर बुडबुड्यानं घनता कमी दिसते, जास्त कधीच नाही. म्हणजे तीन पॉइंट चार दिसले तेव्हाच मी सुटलो होतो. हे मला दुसऱ्या दिवशी हळदीच्या पंगतीत, मठ्ठा पिताना सुचलं, आणि मठ्ठा नाकातून आला. आणि त्या व्हिडिओखालची दुसरी कॉमेंटही मी नंतर वाचली. तिथे लिहिलं होतं: घरगुती ओव्हनमध्ये बहुतेक ॲल्युमिनाच असतो, उगाच घाबरू नका.

आम्ही निघताना विद्यार्थ्यानं एक छोटी मखमली डबी बायकोच्या हातात दिली. "तुमच्या कॉलनीतलीच अंगठी आहे, सर वर्गात सांगायचे त्या वहिनींच्या मुलीची. सैल होती, नीट केलीय. पोचवाल का?" बायकोनं उघडून बघितली. सोन्याच्या कोंदणात एक हिरवागार पाचू.

मी उजळलो. "अगं, पाचू म्हणजे काय माहितीये? बेरिलियम! बेरिलियम, ॲल्युमिनियम आणि सिलिका! दोघं तिरपे नातेवाईक एका घरात! थोडंसं क्रोमियम आलं की हिरवा! स्फटिकात पक्कं कोंडलेलं, काहीही अपाय नाही, कितीही वर्षं घाला—"

बायकोनं डबी पटकन मिटली. "हे वहिनींना सांगायचं नाही."

"पण शास्त्रीयदृष्ट्या—"

"सांगितलंत तर पुढच्या वर्षी कुरडया नाही, तुम्हीच गच्चीवर वाळाल."

घरी पोचलो तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. वहिनी आमच्या गच्चीवरच होत्या. कुरडया तशाच कागदावर, त्यांच्यावर जुनं धोतर झाकलेलं, शेजारी रिकामे स्टीलचे डबे आणि त्यांच्या शेजारी घमेलं. डबा की घमेलं, दोन्ही तयारी. नवरी जिन्याच्या पायरीवर गुडघ्यांवर हनुवटी टेकून.

"वहिनी, ॲल्युमिना निघाला," मी म्हणालो. "साधा. निरुपद्रवी. नक्की. शक्यता नाही, नक्की."

वहिनींनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग वाकून एक कुरडई उचलली. गुलाबी, मधोमध फूल. "ही पैली. लेकीच्या हातची." त्या सरळ आमच्या स्वयंपाकघरात गेल्या, तेल तापवलं आणि कुरडई सोडली. ती फुलत फुलत कढईभर झाली. थाळीत काढून माझ्यापुढे ठेवली.

"खा."

"मी?"

"तुमी फोडलं, तुमी मोजलं, तुमीच खा. मंग माझी खातरी."

यापेक्षा कठोर परीक्षक मी पाहिला नाही, आणि यापेक्षा न्यायीही नाही. तीन बायका माझ्याभोवती उभ्या राहिल्या. माझा भागाकारावर विश्वास होता. पण भागाकारावर विश्वास असणं वेगळं आणि तो चावून खाणं वेगळं. मी एक पाकळी मोडली. तोंडात टाकली. कुर्रकन आवाज झाला. मी दुसरी मोडली. तिसरी. संपूर्ण फूल खाल्लं.

वहिनी पुढे वाकल्या. "कशी लागती? गोड?"

"नाही," मी म्हणालो. "खारट."

"मंग ठीक हाय!" वहिनींनी दोन्ही हातांनी टाळी वाजवली, बायको हसायला लागली ती ओट्याला टेकून बसलीच, आणि नवरी धावत गच्चीवर डबे भरायला पळाली. आमच्या वाहून गेलेल्या कुरडयांचा विषय निघाल्यावर वहिनी परत हसत हसत म्हणाल्या, "लगीन होऊन जाऊ दे. सोमवारी गहू भिजवू तुमचे. पन राखनीला दुसरं कोन तरी बगा. कबुतर परवडलं."

नवरी डबे घेऊन खाली आली तेव्हा बायकोनं तिला डबी दिली. तिनं अंगठी तिथेच बोटात घातली आणि मेंदीचा हात उजेडात धरून सगळ्यांना दाखवला. पाचू हिरवा लखलखत होता. बेरिलियम अखेर त्या घरातून सासरी निघालंच होतं, आणि अगदी थाटात. माझं तोंड उघडलं.

बायकोनं माझ्या पायावर पाय दिला.

"काय म्हनत होता भाऊजी?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "म्हटलं, मीठ अगदी बेताचं पडलंय."